फोटो नंतर काढू, आधी मान हलवू

मान धरली की आपल्या नागपूरच्या हुडकेश्वर-पिपळा भागातला माणूस ठरलेल्या वाटेने जातो. आधी बाम, मग औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या, मग शेजाऱ्यांनी सुचवलेला गळ्याचा पट्टा, त्यानंतर मालिशवाला. तीन-चार महिने असे निघून जातात. शेवटी एमआरआय होतो, रिपोर्टमध्ये मणक्यांत 'गॅप' निघतो आणि घरात सुतक पडल्यासारखी शांतता पसरते. एवढे सगळे होईपर्यंत त्या मानेला साधा व्यायाम कोणी शिकवलेला नसतो.

आधी त्या गॅपचे बघू. मानेचा मुळीच त्रास नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय जपानमधल्या संशोधकांनी तपासले. त्यांचा अहवाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मणक्यांमधली चकती फुगलेली निघाली. विशीतल्या मुलामुलींमध्येसुद्धा दर चारांत जवळपास तिघांची. म्हणजे चकतीचे हे फुगणे बरेचसे केस पिकण्यासारखे आहे. दिसते खरे, पण दुखणे त्याचेच असेल असे नाही. म्हणून स्वतःहून सेंटर गाठून एमआरआय काढू नका. डॉक्टरांनी हातापायांची ताकद पाहावी, हातोडीने ठोकून बघावे आणि त्यांना गरज वाटली तर तो मागवावा.

काही वेळा मात्र एक दिवसही थांबू नये. शर्टाची बटणे लावताना बोटे चुकू लागली, हातातून पेला सुटतो, चालताना तोल जातो, पायातली चप्पल निघाली तरी कळत नाही, लघवी-शौचावरचा ताबा सुटतो: ही मज्जारज्जू दबल्याची लक्षणे असू शकतात. गंमत अशी की यात मान फारशी दुखतही नाही, म्हणून माणूस 'वय झालं' म्हणून सोडून देतो. इथे व्यायाम करत बसायचे नाही, तडक डॉक्टरकडे जायचे. काहींना शस्त्रक्रिया लागते आणि ती वेळेत झालेली बरी. मानदुखीबरोबर ताप येत असेल, वजन उतरत असेल, रात्री कुठल्याच कुशीवर चैन पडत नसेल, पूर्वी क्षयरोग किंवा कॅन्सर झालेला असेल, किंवा गाडीवरून पडल्यावर दुखणे सुरू झाले असेल, तरीही तपासणी लगेच. आणि मानेतून डाव्या हातात कळ येतेय, छाती भरून आली, दरदरून घाम फुटला, तर ते मानेचे दुखणे समजू नका. आधी हृदय तपासा.

यातले काही नाही, नुसतीच तीन महिन्यांहून जास्त काळ मान दुखते आहे? मग व्यायाम हाच मुख्य उपचार, बाकी सगळे त्याच्या जोडीला. खुर्चीत ताठ बसा, नजर समोर. डोके न वाकवता हनुवटी सरळ मागे ओढा, गळ्याखाली दुहेरी हनुवटी दिसेल इतकी. मनात पाच मोजा, सोडा. असे दहा वेळा. मग तळहात कपाळावर ठेवून डोक्याने हाताला रेटा द्यायचा, हाताने अडवायचे. मान जागची हलता कामा नये. तसेच मागून आणि दोन्ही बाजूंनी. शेवटी पाठीचे दोन्ही फरे एकमेकांकडे ओढून धरायचे. दिवसातून दोन-तीनदा करा. थोडे ओढल्यासारखे वाटेल, ते चालते. हाताला मुंग्या आल्या किंवा चक्कर आली तर थांबून विचारा. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. आपण चौथ्या दिवशी सोडतो, तिथेच सगळे बिघडते.

गोळ्यांबद्दल. दुखणे वाढले असेल त्या चार-आठ दिवसांत वेदनाशामक घ्यायला हरकत नाही, पण डॉक्टरांना विचारून. महिनोन्‌महिने घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड त्याची किंमत मोजतात. बीपी, शुगर किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या सुरू असलेल्यांनी तर दुकानदाराच्या सल्ल्यावर मुळीच घेऊ नयेत. नाव नसलेल्या पुड्यांपासून लांब राहा. त्यांत स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणे आहेत. पट्टा डॉक्टरांनी सांगितला तर, तेवढेच दिवस. सतत बांधल्याने मानेचे स्नायू आळसावतात. शेक, ट्रॅक्शन, यंत्रे यांनी तेवढ्यापुरते बरे वाटते. पण व्यायाम न शिकवता कोणी नुसत्या यंत्रांचे पॅकेज विकत असेल तर उठून या. नस दबून हातात कळा येतात त्यांनीही धीर धरावा. त्यातले बहुतेक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शस्त्रक्रियेशिवाय सुधारतात.

घरी ब्लाउज शिवणाऱ्या ताईंना 'काम बंद करा' सांगून काय होणार? त्यापेक्षा स्टूल आणि मशीनची उंची जुळवा, दर अर्ध्या तासाला उठा, हात-मान मोकळी करा. मोबाइल मांडीवरून उचलून डोळ्यांसमोर धरा. मिहान-बुटीबोरीला गाडीने जाणाऱ्यांनी खांदे कानांपर्यंत चढलेत का, ते सिग्नलला बघावे. उशी एक, मान सरळ राहील इतकीच.

फिजिओथेरपिस्ट परवडत नाही असे वाटत असेल तर म्हाळगीनगर चौकातून मेडिकल कॉलेज काही फार लांब नाही. १९४७ पासूनचे हे सरकारी महाविद्यालय आहे आणि तिथे फिजिओथेरपी शिकवतातही. सकाळी लवकर ओपीडी गाठा, जुने रिपोर्ट सोबत न्या. एकदा व्यायाम नीट शिकून घ्या, पुढचे घरी करता येते. शस्त्रक्रियेचा विषय निघालाच तर पैशांची जुळवाजुळव करण्याआधी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्या.

आणि एक विनंती, विशेषतः पुरुष मंडळींना. सलूनमध्ये दाढी झाल्यावर मान कडकन मोडून घ्यायची हौस सोडा. मेंदूला रक्त नेणारी धमनी त्या झटक्याने फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय ग्रंथांत आहेत. डोक्याची चंपी खुशाल घ्या. हात हनुवटीखाली आला की 'मान नको, भाऊ' म्हणा.