विश्लेषण : घरातल्या रिकाम्या खोलीत ध्वनिमुद्रण… पालघर-बोईसरमधून आवाजाचे काम कितपत शक्य?

श्राव्यपुस्तके, ऑनलाइन धडे, जाहिराती, पॉडकास्ट आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेला (एआय) मराठी बोलायला शिकवण्यासाठी लागणारे नमुने अशा अनेक कामांसाठी मराठी आवाज लागतात. हे काम मुंबईतल्या स्टुडिओतच व्हायला हवे ही अट करोनाकाळात सैल झाली. त्यामुळे पालघर, बोईसर, तारापूर परिसरातल्या घरात एखादी खोली रिकामी असेल तर तेथूनही हे काम करता येऊ शकते. मात्र मायक्रोफोन विकत घेणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. खोलीत घुमणारा आवाज, रुळांवरची धडधड आणि करारातली बारीक अक्षरे यांवर या कामाचे यश अवलंबून असते.

घरून आवाजाचे काम कसे सुरू झाले?

स्वीडनच्या ‘स्टोरीटेल’ने नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतात सेवा सुरू केली, तेव्हा इंग्रजी आणि हिंदीसोबत मराठीचा समावेश होता. त्यानंतर मराठी श्राव्यपुस्तकांना नियमित बाजारपेठ मिळाली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू होऊन स्टुडिओ बंद झाले, तेव्हा निवेदक, शिक्षक आणि रेडिओवरचे सूत्रसंचालक घरातल्या कपाटाशेजारी किंवा रजईच्या आडोशाला बसून मुद्रण करू लागले. घरून आलेली फाइल नीट असेल तर ती चालते, हे कामे देणाऱ्यांनाही त्या काळात कळले.

याच सुमारास भाषा-तंत्रज्ञानाची मागणी वाढली. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ उपक्रमाची सुरुवात जुलै २०२२ मध्ये झाली. त्यातील ‘भाषादान’मध्ये कोणीही आपल्या भाषेतली वाक्ये बोलून देऊ शकतो. आयआयटी मद्रासमधील ‘एआयफोरभारत’च्या ‘इंडिकव्हॉइसेस’ या संग्रहाच्या पहिल्या टप्प्यात २२ भाषांतील, १४५ जिल्ह्यांतल्या १६ हजार २३७ व्यक्तींचे ७ हजार ३४८ तासांचे बोलणे गोळा करण्यात आले.

सगळ्याच कामांना शांत खोली लागते का?

नाही. आवाजाची कामे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. श्राव्यपुस्तक, जाहिरात, माहितीपटाचे निवेदन किंवा यंत्राला आवाज देण्यासाठीचे मुद्रण या पहिल्या प्रकारात स्टुडिओच्या तोडीची स्वच्छता लागते. दुसरा प्रकार म्हणजे यंत्राला माणसाचे बोलणे ‘समजावे’ म्हणून घेतलेले नमुने. तेथे साधा मोबाइल पुरतो आणि मागे थोडा गोंगाट असला तरी बहुतेकदा चालते. कारण प्रत्यक्ष वापरातही लोक बाजारातून किंवा रिक्षातूनच बोलणार असतात. खोलीवर खर्च करण्यापूर्वी आपल्याला यांपैकी कोणते काम करायचे आहे, हे ठरवणे आवश्यक ठरते. पुढचे विवेचन पहिल्या प्रकाराच्या कामाबद्दल आहे.

पालघर-बोईसरची अडचण वेगळी कशी?

चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर आणि तेथून डहाणू रोड आणखी ६४ किलोमीटर. एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागली, तरी तासाभराच्या मुद्रणासाठी पालघरहून अंधेरी-गोरेगावला जायचे तर अर्धा दिवस प्रवासात जातो. घरातल्या खोलीचे आकर्षण त्यामुळेच आहे. पण जी रेल्वे या परिसराची जीवनवाहिनी आहे, तीच मुद्रणातली मोठी अडचणही आहे. लोकल, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या यांची ये-जा रात्रीही थांबत नाही. विरार-डहाणू तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचा प्रकल्प आणि पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग याच पट्ट्यातले. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला होणार आहे आणि वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. या कामांमुळे वाहतुकीचा आवाज वाढण्याचीच शक्यता अधिक.

बोईसरमध्ये तारापूर औद्योगिक वसाहतीची भर पडते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल, तर निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. येथे रात्र म्हणजे १० ते पहाटे ६. कारखाने आणि इमारती जवळजवळ असलेल्या भागात घर निवासी असले तरी शेजार औद्योगिक असतो. शिवाय जून ते सप्टेंबर कोकणपट्टीतला पाऊस. गच्चीवर पत्र्याची शेड असलेल्या वरच्या मजल्यावर मुसळधार पावसात मुद्रण जवळपास अशक्य होते.

‘साउंडप्रूफ’ खोली आणि न घुमणारी खोली यांत फरक काय?

बहुतेकांचा गोंधळ येथे होतो. बाहेरचा आवाज आत येऊ न देण्यासाठी जड भिंती, फटी नसलेली दारे-खिडक्या आणि इमारतीपासून सुटी केलेली रचना लागते. ते खर्चिक काम असून भाड्याच्या घरात करता येत नाही. खोलीतलाच आवाज भिंतींवर आपटून परत येऊ नये यासाठी मात्र मऊ, जाड वस्तू पुरतात. भिंतीला फोम चिकटवला म्हणून रेल्वेचा आवाज थांबत नाही. त्याने फक्त घुमणे कमी होते, तेही उंच पट्टीतले. अंड्यांच्या ट्रेचा उपयोग जवळपास नाही. स्वस्त फोम लवकर पेटतो, त्यामुळे विजेच्या बोर्डाजवळ तो लावणे धोक्याचे.

घुमण्यामागे साधे गणित आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. १० बाय १० फुटांच्या म्हणजे साधारण तीन मीटरच्या चौरस खोलीत ५७ आणि ११४ हर्ट्झच्या आसपासचे सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून फुगतात. यातला दुसरा सूर पुरुषी आवाजाच्या पट्टीतच येतो. त्यामुळे निवेदन ‘डब्यातून’ आल्यासारखे वाटते. लांबी-रुंदी असमान असलेली खोली त्या मानाने बरी. १०० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळपास साडेतीन मीटर असते. पातळ पडद्याने ती शोषली जात नाही. गादीसारखी जाड वस्तू तिला थोडाफार आळा घालते.

खोली कशी तयार करावी?

रुळ, रस्ता आणि स्वयंपाकघर यांपासून सर्वांत दूरची खोली निवडावी. सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्यांच्या फटींतून सर्वाधिक आवाज येतो. तेथे रबरी पट्टी आणि दाराच्या खालच्या फटीला जाड कापडाची गुंडाळी लावल्यास कमी खर्चात बराच फरक पडतो. भिंतीच्या अगदी जवळ किंवा खोलीच्या मध्यभागी न बसता त्यामधली जागा धरावी.

मायक्रोफोन बोलणाऱ्याच्या दिशेने रोखलेला असतो. त्यामुळे त्याला बोलणाऱ्याच्या मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज जास्त ऐकू येतो. म्हणून पहिली गादी मायक्रोफोनच्या मागे नव्हे, तर बोलणाऱ्याच्या पाठीमागे उभी करावी. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट पाठीशी असेल तर उत्तमच. बाजूला दोरीवर दुहेरी गोधड्या, खाली सतरंजी आणि टेबलावर जाड टॉवेल असावा. रिकामे लोखंडी कपाट, आरसा किंवा काचेची तसबीर खोलीत असेल तर ती झाकावी अथवा बाहेर काढावी.

गाड्यांची धडधड हवेतून तशी जमिनीतूनही येते. त्यामुळे मायक्रोफोनचा स्टँड घडी केलेल्या गोधडीवर ठेवावा. पंखा आणि एसी बंद ठेवणे अपरिहार्य आहे. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात म्हणूनच २०-२५ मिनिटांचे तुकडे करून वाचणे सोयीचे पडते. आठवडाभर वेगवेगळ्या वेळी एकेक मिनिट केवळ शांततेचे मुद्रण करून पाहिले, की त्या घराची ‘शांत वेळ’ कोणती हे कळते. दोन गाड्यांच्या मधला वेळ, कारखान्यांच्या पाळ्या बदलण्याची वेळ आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या त्या नोंदीत दिसतात.

यंत्रसामग्री किती लागते?

सुरुवातीला लॅपटॉप, यूएसबी मायक्रोफोन, स्टँड, पॉप फिल्टर आणि कान झाकणारा हेडफोन एवढे पुरते. संपादनासाठी ‘ऑडॅसिटी’ ही प्रणाली मोफत आहे. पूर्ण शांत नसलेल्या खोलीत संवेदनशील कंडेन्सर मायक्रोफोनपेक्षा डायनॅमिक प्रकारचा, तोंडाजवळ धरायचा मायक्रोफोन अनेकदा सरस ठरतो. तो लांबचे आवाज तुलनेने कमी पकडतो. अंतर निम्मे केले की आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो, म्हणजे मागचा गोंगाट तेवढा मागे पडतो. १५ ते २० सेंटिमीटर अंतर साधारण योग्य. मराठीत ख, घ, फ, भ असे महाप्राण भरपूर असल्याने तोंडातून येणारी हवा थेट मायक्रोफोनवर आदळू नये म्हणून तो किंचित तिरका ठेवावा.

विजेचा प्रश्नही आहेच. चार्जर किंवा इन्व्हर्टरमुळे कधी कधी ५० हर्ट्झची गुणगुण मुद्रणात शिरते. मुद्रणाच्या वेळी लॅपटॉप बॅटरीवर चालवणे हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय. किनारपट्टीच्या दमटपणात मायक्रोफोन सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवावा.

मुद्रण चांगले झाले, हे कसे ठरते?

कामे देणाऱ्यांचे निकष वेगवेगळे असतात. पण ‘ऑडिबल’च्या ‘एसीएक्स’ या मंचाचे निकष मापदंड म्हणून जगभर वापरले जातात. आवाजाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, सर्वोच्च टोक उणे ३ च्या आत आणि शांततेतला गोंगाट उणे ६० डेसिबलपेक्षा कमी, अशी त्याची चौकट आहे. हे उणे आकडे मुद्रणयंत्राच्या कमाल मर्यादेपासून खाली मोजलेले असतात. ध्वनिप्रदूषण नियमातल्या डेसिबलशी त्यांची थेट तुलना करता येत नाही. साध्या खोलीत उणे ६० गाठणे हीच खरी परीक्षा. गोंगाट नंतर संगणकावर पुसता येतो, पण तो जितका जास्त पुसावा तितका आवाज निर्जीव होतो. घुमलेला आवाज तर जवळपास दुरुस्तच होत नाही. म्हणून हजारो रुपये मायक्रोफोनवर घालण्याआधी खोलीवर मेहनत घेणे शहाणपणाचे.

पैशांचे गणित कसे जुळते?

श्राव्यपुस्तकांचे मानधन अनेकदा ‘तयार तासा’वर ठरते. एक तासाची निर्दोष फाइल तयार करायला वाचन, चुकांची पुनर्मुद्रणे आणि संपादन धरून नवख्याला चार ते सहा तास सहज लागतात. त्यामुळे सांगितलेला दर या तासांनी भागून पाहावा. पैसे वेळेवर न मिळणे ही मुक्त कामातली नेहमीची अडचण. सूक्ष्म उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी केल्यास २००६ च्या एमएसएमई कायद्याचे संरक्षण मिळू शकते. त्यानुसार लेखी करार असला तरी देयकाची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. ही नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे.

एकदा दिलेला आवाज कोणाचा?

सर्वांत मोठी जोखीम येथे आहे. काही तासांच्या स्वच्छ मुद्रणावरून एआय कोणाच्याही आवाजाची नक्कल करू शकते. त्यामुळे घरातली खोली जितकी चांगली, तितका तिथला आवाज नकलेसाठीही उपयुक्त. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंह यांना एआयद्वारे होणाऱ्या आवाजाच्या नकलेविरोधात अंतरिम संरक्षण दिले. पण अशा प्रकरणांचा आधार व्यक्तीची प्रसिद्धी आणि त्यातून येणारे व्यापारी मूल्य हा असतो. बोईसरमधल्या अनोळखी निवेदकाला तो तितक्या सहज मिळणार नाही. कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचे हक्क ५० वर्षांसाठी मान्य आहेत. मात्र ते केलेल्या सादरीकरणाबाबत आहेत. त्यावरून यंत्राने तयार केलेल्या नव्या वाक्यांचे काय, याचे स्पष्ट उत्तर त्यात नाही. वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतांश तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत.

तोपर्यंत सामान्य निवेदकाची ढाल म्हणजे करारच. हे मुद्रण कोणत्या कामासाठी, किती काळासाठी आणि कोणत्या माध्यमात वापरले जाईल, एआय प्रशिक्षण किंवा आवाजाची नक्कल त्यात येते का, येत असल्यास वेगळे मानधन किती, हे लेखी असायला हवे. ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, भविष्यातील तंत्रज्ञानासह’ अशा शब्दांखाली सही केली, तर पुढची सगळी कामे तोच आवाज विनामोबदला करू शकतो. चाचणीच्या नावाखाली लांबलचक मजकूर वाचून मागितला जात असेल तर सावध राहावे.

स्थानिक बोलींना यात जागा आहे का?

वारली, कातकरी, मांगेली, वाडवळी आणि वसईतील सामवेदी अशा अनेक बोली या जिल्ह्यात बोलल्या जातात. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नसल्याने २२ भाषांसाठीच्या उपक्रमांत त्यांना स्वतंत्र स्थान नसते. मात्र बोलणारा शहरी आणि सुशिक्षितच हवा हा समज अभ्यासाने खोडून काढला आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ग्रामीण व शहरी अल्प उत्पन्न गटातील व्यक्ती आणि विद्यापीठातील विद्यार्थी अशा ३६ जणांकडून १०९ तासांचे मराठी बोलणे घेण्यात आले. अल्प उत्पन्न गटाच्या नमुन्यांचा दर्जा विद्यार्थ्यांच्या तोडीचा निघाला.

गोधड्या टांगलेली खोली त्यामुळे केवळ कमाईची जागा ठरत नाही. आजी-आजोबांच्या तोंडची बोली, गाणी आणि गोष्टी तेथे नीट मुद्रित झाल्या, तर त्या पुढच्या पिढीच्या हाती राहतील. मात्र ते मुद्रण कोणाच्या नावावर आणि कोणत्या अटींवर जपले जाणार, हे आधी ठरायला हवे. मायक्रोफोन सुरू करण्यापूर्वीचे खरे काम तेच आहे.