पहिली चिठ्ठी नवऱ्याच्या नावाची

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की तपासण्या सुरू होतात त्या सुनेच्या. रक्त, सोनोग्राफी, गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहणारा एक्स-रे, कधी दुर्बीण. जोडीला नवस आणि बुवाचा अंगारा. पण नवऱ्याच्याही शरीरात नळ्या असतात आणि त्याही बंद असू शकतात, हे घरात कुणी बोलत नाही. मूल होत नसलेल्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचा वाटा असतो. तरीही 'वांझ' हा शब्द बाईलाच चिकटतो. हा अन्याय आहे, आणि तो अज्ञानावर पोसला जातो.

शुक्राणू वृषणात तयार होतात. शेजारच्या बारीक, वेटोळ्या नळीत ते पक्व होतात आणि शुक्रवाहिनीतून मूत्रमार्गाकडे येतात. ही वाट दोन्ही बाजूंनी बंद झाली, तर वीर्यात एकही शुक्राणू उतरत नाही. मात्र वीर्याचा बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतो. त्यामुळे इच्छा, ताठरता, वीर्यपतन बहुधा नेहमीसारखेच राहते. 'माझ्यात दोष असता तर मला कळला नसता का?' असे पुरुष विचारतात. नसता कळला. मर्दानगीचा आणि या अडथळ्याचा काही संबंध नाही.

अडथळ्याची कारणे अनेक आहेत. गनोरिया, क्लॅमिडियासारखे लैंगिक संसर्ग उपचाराविना राहिले, तर नळी आतून बुजते. क्षयरोग फक्त फुप्फुसाचा नसतो, तो या नळ्यांनाही होतो. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत शुक्रवाहिनीला इजा होऊ शकते. काहींच्या शरीरात शुक्रवाहिन्या जन्मापासूनच नसतात. आणि नसबंदी म्हणजे तर मुद्दाम केलेला अडथळाच.

तपासणी मात्र सोपी आहे. दोन ते सात दिवस संबंध व वीर्यपतन टाळून वीर्याचा नमुना द्यायचा आणि तो तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवायचा. सुई नाही, भूल नाही, खर्चही बाईच्या तपासण्यांच्या मानाने किरकोळ. गर्भनिरोधक न वापरता वर्षभरात दिवस राहिले नाहीत, किंवा पत्नीचे वय ३५ च्या पुढे असून सहा महिने गेले, तर दोघांची तपासणी एकाच वेळी झाली पाहिजे.

अहवालात 'शुक्राणू शून्य' आले, तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे. शून्य येण्याची कारणे मुख्यतः दोन: वृषणात शुक्राणू तयारच होत नाहीत, किंवा तयार होतात पण बाहेर पडत नाहीत. दुसऱ्या प्रकारात वृषणाचा आकार आणि रक्तातील एफएसएच हे संप्रेरक बहुधा ठीक असते. हा फरक युरॉलॉजिस्टच ठरवू शकतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही तो भेटतो. तो फरक कळण्याआधी वीर्यवर्धक चूर्णांवर पैसे घालू नयेत. बुजलेली नळी चूर्णाने उघडत नाही.

अडथळा कुठे आहे यावर उपचार ठरतो. नसबंदी केलेली नळी सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा जोडता येते. मध्ये जितकी कमी वर्षे गेली असतील, तितके यश जास्त. जन्मतःच नळी नसेल किंवा क्षयाने ती जागोजागी बुजली असेल, तर जोडणे बहुधा शक्य नसते. मग सुईने शुक्राणू काढून इक्सी पद्धतीने प्रयोगशाळेत गर्भधारणा करता येते. नळी जन्मतः नसल्यास आधी पती-पत्नी दोघांची जनुकीय तपासणी हवी, कारण तोच दोष बाळात गंभीर आजार होऊन येऊ शकतो. इक्सी महाग असते, दरवेळी यशस्वी होत नाही, आणि दोष नवऱ्याच्या नळीत असला तरी इंजेक्शने पत्नीलाच सोसावी लागतात. म्हणून नळी जोडता येईल का, हे आधी विचारावे. केंद्र २०२१ च्या कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, हेही पाहावे.

हे विषय आपल्या पानावर कशाला, असे कुणाला वाटेल. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये न्यायालयात त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब उभे राहिले. शरीराविषयीचे प्रश्न विचारण्याचा हक्क त्यांनी लाजिरवाणा मानला नाही. आपण का मानावा?

सासू-सासऱ्यांनी सुनेला दवाखान्यात पाठवताना मुलालाही सोबत पाठवावे. मुलांनी आपण होऊन जावे. दुसऱ्या लग्नाची भाषा करणाऱ्याला घरातल्या कुणीतरी आधी अहवाल मागावा. आणि सगळे करूनही मूल झाले नाही, तर दत्तक घेण्याची वाट आहे, दोघांनी सुखाने जगण्याचीही आहे. कुणाच्या माथी दोष मारून मात्र कुणाचेच घर भरत नाही.