हळदीचं पेटंट आणि भरतीच्या पोरांचं इंजेक्शन



आपल्या कुरुंद्यात, किंबहुना सगळ्या वसमत तालुक्यात, पहाटे रस्त्यानं निघालं की भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पळताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. डांबरी रस्ता, स्वस्तातले बूट आणि महिनोन्महिने सराव. मग कुणाची नडगी दुखते, कुणाचा गुडघा. भरतीची तारीख काही थांबत नाही. नेमक्या अशा वेळी मोबाईलवर 'बीपीसी-१५७' हे नाव पुढं येतं. इंजेक्शन घ्या, नवीन रक्तवाहिन्या तयार होतील, कंडरा भरून येईल, लवकर मैदानावर याल, असा एकूण सूर असतो.

माझं मत आधीच सांगतो. हे आपल्या मुलांच्या अंगात जाता कामा नये. पण 'परदेशी आहे, केमिकल आहे' हे त्याचं कारण नव्हे. तसं सांगितलं तर पोरं ऐकणारही नाहीत.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. दहावीला 'आनुवंशिकता व उत्क्रांती' शिकवताना आपण प्रथिननिर्मिती फळ्यावर काढतोच. प्रथिन ही लांब माळ समजा, पेप्टाइड हा माळेचा तुकडा. घरोघरी आजी-आजोबा घेतात ते इन्सुलिनही ५१ अमिनो आम्लांचंच. म्हणजे शब्दाला भ्यायचं काही कारण नाही. बीपीसी-१५७ मध्ये १५ अमिनो आम्लं आहेत. जठररसातल्या एका प्रथिनावरून ही साखळी बेतली, पण ती बनते प्रयोगशाळेत. क्रोएशियातल्या झाग्रेब विद्यापीठात प्रेद्राग सिकिरिच आणि त्यांचे सहकारी गेली अनेक वर्षं त्यावर काम करताहेत. उंदरांमध्ये जठराचे व्रण आणि तुटलेल्या कंडरा लवकर भरल्याचं त्यांनी नोंदवलं. माणसांवरचे अभ्यास मात्र मोजकेच आणि अगदी छोटे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं त्याला औषध म्हणून मान्यता दिलेली नाही. उलट २०२३ मध्ये, औषधं बनवून देणाऱ्या फार्मसींसाठी धोक्याची शंका असलेल्या पदार्थांत त्याची गणना केली.

आता रक्तवाहिन्यांचं. जखम झाली की तिथल्या पेशींना ऑक्सिजन कमी पडतो. त्या रासायनिक निरोप धाडतात आणि शेजारच्या केशवाहिन्यांना, हळदीच्या गड्ड्याला फुटावेत तसे, फुटवे फुटतात. पण हाच निरोप कर्करोगाची गाठही धाडते. ज्यूडा फोकमन या अमेरिकन शल्यचिकित्सकानं १९७१ मध्ये हे मांडलं, की गाठ स्वतःसाठी रक्तवाहिन्या ओढून घेते. म्हणून असल्या औषधांत फार जपून चालावं लागतं. मधुमेहाच्या पायावरच्या जखमेसाठी 'बेकाप्लर्मिन' नावाचं मलम अमेरिकेत १९९७ मध्ये मान्य झालं. २००८ मध्ये त्यावर कर्करोगाबद्दल ठळक इशारा छापावा लागला आणि अधिक माहिती जमल्यावर २०१८ मध्ये तो काढला गेला. इशारा देता आला आणि काढताही आला, कारण कुणीतरी नोंद ठेवत होतं. बाटलीवर 'फक्त संशोधनासाठी' एवढंच लिहून विकलेल्या मालाची नोंद कोण ठेवणार? आत नेमकं काय आहे, हेही विकणाऱ्याच्या शब्दावरच.

इथं कुणीतरी म्हणेलच, 'सर, त्यापेक्षा आपली हळद बरी.' वसमतची हळद, तिचा बाजार, हरिद्रा संशोधन केंद्र, सगळ्याचा मलाही अभिमान आहे. पण वर्गात हळदीची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या दोन संशोधकांना जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआरनं, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, त्याला आव्हान दिलं. पुरावे म्हणून ३२ संदर्भ दिले. त्यांत जुने ग्रंथ होते, तसा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द ठरलं. माशेलकर मूळचे गोव्यातल्या माशेलचे, त्यामुळं आपण हा धडा मोठ्या हौसेनं शिकवतो.

पण जिंकलं काय? 'हे नवीन नाही' एवढंच सिद्ध झालं. 'हळदीनं जखम भरते' हा प्रश्न पेटंट कार्यालयापुढं नव्हताच! कर्क्युमिनवर पुढं शेकडो अभ्यास झाले. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात त्यांचा आढावा आला. कडक पद्धतीच्या चाचणीत, म्हणजे कुणाला औषध दिलं आणि कुणाला नुसतीच गोळी हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही अशा चाचणीत, ते यशस्वी ठरल्याचं त्या आढाव्यात आढळलं नाही. शिवाय खाल्लेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं. हळद पिकवणाऱ्या तालुक्यात हे बोलणं जरा जड जातं, तरी बोललं पाहिजे. आजीच्या हळदीला आपण 'कुणावर तपासलं?' असं विचारणार नसू, तर इंजेक्शनला तो प्रश्न विचारायची सवय मुलांना लागणार कुठून?

फरक एवढाच, की भाजीतली हळद चूक ठरली तरी फारसं बिघडत नाही. सतरा वर्षांच्या, अजून हाडं वाढताहेत अशा पोरानं मित्राच्या खोलीत सुई टोचून घेणं वेगळं. सुईमुळं होणारा संसर्ग आहे तो आहेच. आणि कबड्डी, कुस्ती, ॲथलेटिक्सच्या पोरांना हेही सांगा, की जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं, म्हणजे 'वाडा'नं, २०२२ पासून बीपीसी-१५७ वर नाव घेऊन बंदी घातली आहे. राष्ट्रीय स्पर्धेत तपासणीत सापडलं तर 'मला माहीत नव्हतं' चालत नाही.

पालकांसाठी एक कामाची गोष्ट. नडगी सगळीकडून ठणकत असेल तर बहुधा पळणं एकदम वाढवल्याचा तो परिणाम असतो. काही दिवस पळणं कमी करा, बूट बदला, डांबराऐवजी मातीवर पळू द्या. पण हाडावर एकाच जागी बोट ठेवलं की कळ येत असेल, रात्रीही दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. ती सुरुवातीला एक्स-रेत दिसतेच असं नाही. म्हणून 'एक्स-रे नॉर्मल आला' म्हणून पोराला लगेच पळायला पाठवू नका. वसमतला किंवा नांदेडला हाडांच्या डॉक्टरांना परत दाखवा आणि ते सांगतील तितके आठवडे पळणं बंद ठेवा, त्यात एखादी भरती हुकली तरी.