चिकटला का?

आयटीआय झालेल्या मुलाला आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये अजूनही एकच प्रश्न विचारतात, ‘‘कुठं चिकटला का?’’ चिकटणं म्हणजे पर्मनंट होणं. बजाजमध्ये नाहीतर टेल्कोत लागलेल्या पिढीनं कंपनीच्या बसमध्ये तीस-तीस वर्षं काढली, प्राधिकरणात घर बांधलं. त्यांचा अनुभव खरा होता. म्हणूनच त्यांचा सल्ला खोडून काढणं जड जातं.

पण खुद्द कंपन्या तरी कुठे चिकटून राहिल्या? बजाजच्या आकुर्डी कारखान्यातलं उत्पादन २००७मध्ये थांबलं. २००८मध्ये तळेगावात सुरू झालेल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यानं २०२०च्या डिसेंबरात काम बंद केलं; पुढे तो ह्युंदाईनं घेतला. कामगार मात्र कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले.

आता चाकणच्या नाक्यावर सकाळी कंत्राटी कामासाठी पोरं उभी असतात. प्लॅस्टिकच्या फोल्डरात मार्कशीटच्या झेरॉक्स, मोबाइलमध्ये ठेकेदाराचा नंबर. अशा पोराला ‘एका जागी टिकत नाही’ म्हणणं (लग्नाच्या बैठकीत हमखास म्हणतात) निव्वळ अन्याय आहे. नोकरी त्यानं सोडलेली नसते, कंत्राट संपवून ब्रेक त्याला दिलेला असतो.

‘ओळख लागते’ हा समज मात्र मोडीत काढवत नाही. फक्त ती आता साहेबाची नको, शेजारच्या लाइनवरच्या मित्राची हवी. भरती निघाल्याचं त्यालाच आधी कळतं.

तेव्हा काका-मामांनो, पुढच्या खेपेला ‘पर्मनंट का?’ विचारू नका. एवढंच विचारा: ठेकेदार बदलला तरी पीएफचा यूएएन तोच ठेवलास ना? अनुभवाचा दाखला हातात घेतलास ना?