पाणचक्कीचं पाणी येतं कुठून?

नाशिकमध्ये तांबट लेन हे नाव अजून टिकून आहे. तांब्याच्या पत्र्यावर तिथे ठोका पडायचा तो माणसाच्या हाताने. पाण्याकडून घाव घालून घ्यायची युक्तीही जुनीच. अकराव्या शतकात अल-बिरूनीने लिहून ठेवलं आहे, की सोन्याचं खनिज कुटायला वाहत्या पाण्यावर फिरणाऱ्या आसाला घण जोडत, आणि समरकंदमध्ये कागदाचा कच्चा माल याच पद्धतीने कुटला जाई.

या विद्येचं भावंड आपल्याकडे पाहायचं तर नाशिकहून दोनेकशे किलोमीटरवर, औरंगाबादला (आजचं छत्रपती संभाजीनगर) जायला हवं. तिथल्या पाणचक्कीत धातू नव्हे, धान्य दळलं जाई. उत्तरेच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून काही किलोमीटर येतं, स्वतःच्याच दाबाने बांधीव मनोऱ्यात चढतं, वरून पडताना लोखंडी पात्यांचं चाक फिरवतं आणि चाकाबरोबर जातं. दर्गा बुखाऱ्याकडून आलेल्या बाबा शाह मुसाफिर यांचा. पीठ फकिरांसाठी, वाटसरूंसाठी, शिकणाऱ्या मुलांसाठी. शहराला नहरीची सवय त्याआधीच लागली होती. ती लावली मलिक अंबरने, गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या एका हबशी माणसाने.

हे सगळं आपण अभिमानाने फॉरवर्ड करतो. नहरीवर घरं उभी राहतात, खोदकामात नळ फुटतात, तेव्हा मात्र कुणी विचारत नाही. (जातं सगळ्यांना दिसतं, नळ कुणालाच दिसत नाही, हेही खरं.) पाणचक्कीच्या आवारातच राज्य वक्फ मंडळाचं कार्यालय आहे. पण नहर आवाराबाहेरून येते. तिथे रस्ता आहे, वस्ती आहे, कुणाची तरी खासगी जमीन आहे. नुसतं मंडळाला दोष देऊन किंवा नुसतं महापालिकेकडे बोट दाखवून पाणी येणार नाही. तिकीट काढून जातं बघायचं आणि पाणी आटलं की हळहळायचं, याला वारसा जपणं म्हणत नाहीत.

आमची मागणी साधी आहे. वक्फ मंडळ, महापालिका आणि पुरातत्त्व खात्याने नहरीचा संयुक्त सर्व्हे करावा, तिचा मार्ग शहराच्या विकास आराखड्यात दाखवावा आणि त्या पट्ट्यात खोदकामाची परवानगी देण्याआधी तो नकाशा तपासणं सक्तीचं करावं. नहरीवर राहणाऱ्या गरीब कुटुंबांना हुसकावण्यासाठी या नकाशाचा वापर होता कामा नये, हेही त्याच ठरावात लिहिलं जावं. दोन-तीन वाचकांनी माहितीच्या अधिकारात अर्ज करून, आज असा नकाशा कोणत्या कार्यालयात आहे, एवढं विचारलं तरी सुरुवात होईल.