आठवड्याची मिशनयात्रा आणि वर्षांची सोबत

सुट्टीचे दिवस जवळ आले की जगभरातील अनेक धर्मग्रामांत एक नवी लगबग सुरू होते. तरुणांचा एखादा गट, सोबत एखादे धर्मगुरू किंवा धर्मभगिनी, औषधांची खोकी, मुलांसाठी वह्या-खेळणी, आणि मुक्काम कंबोडियातील, फिलिपिन्समधील किंवा थायलंडच्या डोंगराळ भागातील एखाद्या खेड्यात. आठ-दहा दिवस शाळेला रंग द्यायचा, आरोग्य शिबिर घ्यायचे, मुलांना गाणी शिकवायची आणि परत यायचे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांच्या अंदाजानुसार 2005 च्या सुमारास त्या एका देशातून दरवर्षी सुमारे 16 लाख ख्रिस्ती भाविक अशा अल्पकालीन यात्रांवर परदेशी जात होते. आपल्याकडेही शहरांतील गट खेड्यापाड्यांत व आदिवासी भागांत शिबिरांसाठी जातात. प्रमाण लहान असले, तरी प्रश्न तोच आहे. या आठवड्यातून कोणाला काय मिळते?

प्रथमच सांगितले पाहिजे की या यात्रांची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1990 च्या 'रिडेम्प्टोरिस मिसिओ' या विश्वपत्रात मिशन प्रदेशांना भेट देण्याच्या प्रथेचे, विशेषतः सेवेसाठी व श्रद्धेच्या अनुभवासाठी जाणाऱ्या तरुणांचे, कौतुकच केले आहे. येशूने बहात्तर शिष्यांना दोघादोघांनी गावोगाव पाठविले, तीही अल्पकालीन यात्राच होती. परंतु त्या शिष्यांना दिलेल्या सूचना आपण नीट आठवाव्यात. पैशाची थैली नाही, झोळी नाही, वाहाणा नाहीत. ज्या घरी स्वागत होईल तेथेच राहायचे आणि ते वाढतील ते खायचे. म्हणजे शिष्य गावात गेले ते पाहुणे म्हणून, गावाच्या आतिथ्यावर विसंबून. आजच्या यात्रेत नेमके हेच उलटे झाले आहे. पाहुणा भरल्या हातांनी येतो आणि गाव हात पसरून उभे राहते.

सद्भावनेचा हिशेब

1998 साली 'मिच' चक्रीवादळाने मध्य अमेरिकेतील होंडुरास उद्ध्वस्त केले. उत्तर अमेरिकेतील चर्चगट घरे बांधण्यासाठी तेथे जाऊ लागले. कुर्ट व्हर बीक या ख्रिस्ती अभ्यासकाने पुढे त्या घरांचा हिशेब मांडला. प्रवासखर्च धरता बाहेरच्या गटाने बांधलेले एक घर सुमारे 30 हजार डॉलरना पडले होते. तसेच घर स्थानिक संस्था सुमारे 2 हजार डॉलरमध्ये बांधत होत्या. घर कोणी बांधले याने त्यात राहणाऱ्यांच्या जीवनात फरक पडल्याचे दिसले नाही. एवढा पैसा होता तर आणखी घरे बांधायला हवी होती, असे तेथील लोकांचे म्हणणे पडले. यात्रेहून परतलेल्यांच्या दानधर्मात वा प्रार्थनाजीवनातही टिकाऊ बदल फारसा आढळला नाही. हा निष्कर्ष कोणा विरोधकाचा नाही, चर्चशी संलग्न महाविद्यालयातील प्राध्यापकाचा आहे, म्हणून तो अधिक विचार करायला लावणारा आहे.

कंबोडियातील अनुभव याहून गंभीर आहे. त्या देशातील अनाथालयांची संख्या 2005 ते 2010 या पाच वर्षांत सुमारे 75 टक्क्यांनी वाढून 269 झाली. देशात शांतता होती, गरिबी हळूहळू कमी होत होती, मग अनाथ मुले वाढली कशी? युनिसेफच्या पाहणीत आढळले की तेथील सुमारे तीन चतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील हयात होते. परदेशी पाहुणे येतात, मुलांना कुरवाळतात, देणगी देऊन जातात. या ओघाने गरीब आईबापांची मुले घरातून संस्थेत ओढली गेली. आठवडाभर माया लावून निघून जाणाऱ्या पाहुण्यांची रांग त्या मुलांच्या मनावर काय ओरखडे उठवीत असेल, याची कल्पना कोणाही पालकाला करता येईल. कोणाचीही नियत वाईट नव्हती. तरीही लेकरे घराला पारखी झाली.

पाण्याची गोष्टही अशीच आहे. त्याच देशात परदेशी मदतीतून हजारो कूपनलिका खोदण्यात आल्या. तलावाचे गढूळ पाणी पिण्यापेक्षा हे बरे, असे सर्वांना वाटले. पुढे मेकाँग नदीकाठच्या कंदाल प्रांतात अनेक कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक हे विष आढळले आणि 2006 च्या सुमारास त्यापासून आजारी पडलेले रुग्ण समोर आले. विहीर खोदणे हे काही दिवसांचे काम आहे. तिचे पाणी वर्षानुवर्षे तपासत राहणे हे गावात मुक्काम असणाऱ्याचे काम आहे.

मलकापूरच्या रस्त्यावरून

हे सारे परदेशातले म्हणून सोडून देता येणार नाही. सातारा जिल्ह्यात कराडला लागून, पुणे-बेंगळुरू महामार्गावर वसलेल्या मलकापूरच्या लोकांनी मदतीचे येणे-जाणे जवळून पाहिले आहे. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा आणि पंचगंगा नद्यांनी सांगली-कोल्हापूरला वेढा घातला. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. कोल्हापूरजवळ महामार्ग पाण्याखाली गेल्याने वाहतूक ठप्प झाली. पाणी ओसरू लागताच याच रस्त्याने मदतीच्या गाड्या दक्षिणेकडे धावू लागल्या. त्यात सर्व धर्मांचे, सर्व पक्षांचे लोक होते, ख्रिस्ती गटही होते. महाराष्ट्राच्या माणुसकीचे ते दर्शन होते आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

पण त्याच पुराने दुसरेही दृश्य दाखविले. रस्त्यालगतच्या गावांत बिस्किटे व पाण्याच्या बाटल्या यांची रास पडली आणि आतल्या वाड्यावस्त्या वाट पाहत राहिल्या. कोणी न मागितलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग साचले. पंधरा दिवसांनी गाड्या थांबल्या. घराचे पंचनामे, पडलेल्या भिंती, कुजलेला ऊस, मेलेली जनावरे आणि डोक्यावरचे कर्ज यांचा काळ तेव्हा कुठे सुरू होत होता. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, तेव्हाही मदत आली. परंतु दरडीखालच्या गावाचा खरा प्रश्न सुरक्षित जागी पुनर्वसनाचा असतो आणि तो आठवड्यात सुटत नाही. कोयना धरणासाठी घरदार सोडलेल्या कुटुंबांच्या पुढच्या पिढ्यांना जमिनीच्या हक्कासाठी साठ वर्षांनंतरही ठिय्या आंदोलने करावी लागली, हे याच खोऱ्याचे वास्तव आहे. अशा माणसाला खाऊच्या पुड्यापेक्षा तहसील कचेरीत दहा वेळा सोबत येणारा माणूस हवा असतो.

सोबतीने काय साधते याचेही उदाहरण मलकापुरातच आहे. 2009 च्या सुमारास येथे मीटरवर आधारित चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना उभी राहिली आणि एवढ्याशा गावाचा प्रयोग पाहण्यासाठी दूरदूरचे अधिकारी आले. ती योजना कोणा पाहुण्याने भेट दिलेली नव्हती. नळाला मीटर बसवून घेणे, वापराप्रमाणे पैसे भरणे, गळती शोधणे, यांसाठी गावातल्याच लोकांची समजूत काढावी लागली. कंदालच्या कूपनलिका आणि मलकापूरचा नळ यांच्यातील फरक केवळ यंत्रांचा नाही. एका ठिकाणी पाणी देणारा निघून गेला होता, दुसऱ्या ठिकाणी तो गावचाच रहिवासी होता.

मागे राहणाऱ्यांचे ओझे

आणखी एका गोष्टीचा विचार यात्रेला निघणारे क्वचितच करतात. सातारा-सांगली पट्ट्यात कॅथलिक कुटुंबे संख्येने थोडी आहेत. शेजाऱ्यांच्या सुखदुःखात वर्षानुवर्षे सहभागी होऊन त्यांनी विश्वास मिळविला आहे. बाहेरचा गट येतो, ध्वनिक्षेपक लावतो, भेटवस्तू वाटता वाटता प्रार्थना घेतो, छायाचित्रे काढतो आणि निघून जातो. मग 'हे मदत करायला आले होते की धर्मांतर करायला?' या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी गावातले तेच एक ख्रिस्ती कुटुंब उरते. अनेक राज्यांत धर्मांतरविरोधी कायदे आहेत. मिशनकार्यासाठी भारतात येणाऱ्या परदेशी व्यक्तीला त्यासाठीचा वेगळा व्हिसा लागतो, पर्यटकाच्या व्हिसावर असे कार्य चालत नाही. नियम मोडणारा विमानाने परत जातो, संशय मात्र गावात मुक्कामाला राहतो. अन्नाला प्रार्थनेची अट जोडणे हे तर सुवार्तेलाच बाधक आहे. भुकेल्याला वाढलेली भाकरी ही स्वतःच साक्ष असते, तिला वेगळी पावती लागत नाही.

स्थानिक ख्रिस्तसभेचे मोल काय असते, हे कंबोडियानेच शिकविले आहे. एप्रिल 1975 मध्ये ख्मेर रूज सैन्य नॉम पेन्हच्या वेशीवर असताना जोसेफ छ्मार सालास यांना घाईघाईने बिशपपदाची दीक्षा देण्यात आली. ते त्या देशाचे पहिले एतद्देशीय बिशप. तीन दिवसांनी शहर पडले. परदेशी मिशनरींना देश सोडावा लागला, राजधानीचे कॅथेड्रल जमीनदोस्त करण्यात आले आणि बिशप सालास 1977 मध्ये हालअपेष्टांनी मरण पावले. पंधरा वर्षांनी, 1990 च्या ईस्टरला, तेथे पुन्हा उघडपणे मिस्सा झाली, तेव्हा वाचलेल्या मूठभर भाविकांनी जपलेली श्रद्धा प्रकट झाली. अशा लोकांकडे जाणाऱ्याने शिकवायला जावे की शिकायला?

झेवियर आणि स्टीफन्स

यावर कोणी म्हणेल, संत फ्रान्सिस झेवियरही एका जागी थोडेच राहिले! हे खरे आहे. मे 1542 मध्ये गोव्यात उतरलेले झेवियर 1545 साली मलाक्काला, 1546 साली आजच्या इंडोनेशियातील मोलुक्का बेटांवर आणि 1549 साली जपानला पोहोचले. पण जेथे गेले तेथील भाषेत प्रार्थना तयार करण्याची त्यांनी धडपड केली आणि आपल्या मागे कोणीतरी राहावे म्हणून पत्रांतून सतत माणसे मागितली. आपली भेट म्हणजे आरंभ आहे, हे ते जाणून होते.

तो आरंभ फळाला कसा येतो, हे मराठी माणसाला फादर थॉमस स्टीफन्स यांनी दाखविले. 1579 साली ते गोव्यात आले आणि 1619 साली तेथेच निवर्तले. चाळीस वर्षांच्या त्या वास्तव्यातून 1616 साली सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीला लाभले. आठवड्याच्या मुक्कामात कोणाची ओवी कोणाच्या ओठी येत नाही. आणि मिशनच्या दुसऱ्या आश्रयदात्या संत तेरेसा, बाळ येशूच्या, यांना व्हिएतनाममधील हनोईच्या कार्मेल मठात जायचे होते. आजारपणाने ते घडले नाही. मठाच्या चार भिंतींतून दूरच्या मिशनरींना पत्रे लिहीत, त्यांच्यासाठी प्रार्थना करीत त्या मिशनच्या आश्रयदात्या झाल्या.

पोप फ्रान्सिस यांनी सप्टेंबर 2024 मध्ये, वयाच्या 87 व्या वर्षी, इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी, पूर्व तिमोर व सिंगापूर असा दौरा केला. त्यात ते पापुआ न्यू गिनीच्या जंगलाकाठच्या व्हॅनिमो या दुर्गम गावी काही तासच थांबले. पण ते गेले ते तेथे वर्षानुवर्षे राहिलेल्या मिशनरींना आणि त्यांच्या लोकांना भेटायला. 2025 साली निवडून आलेले पोप लिओ चौदावे 1985 साली पेरूला गेले आणि पुढे तेथेच चिक्लायो या धर्मप्रांताचे बिशप झाले. थोडक्यात, लहान भेट वाईट नसते. ती कोणाच्या दीर्घ सोबतीला जोडलेली आहे, यावर तिचे मोल ठरते.

आपल्या दाराशी आलेले

म्हणून आमची सूचना साधी आहे. यात्रेला निघण्यापूर्वी प्रत्येक गटाने चार प्रश्न विचारावेत. बोलावले कोणी? काम गावाने सांगितले की आपण ठरविले? तेच काम गावातला गवंडी किंवा परिचारिका करू शकत असेल, तर प्रवासाचा पैसा त्यांच्या मजुरीला का देऊ नये? आणि पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी आपण त्याच गावी जाणार आहोत काय? या चारांची उत्तरे समाधानकारक असतील, तर अवश्य जावे. कमी सामान न्यावे, अधिक ऐकावे, मुलांची छायाचित्रे मिरवू नयेत.

आणि एक यात्रा अशी आहे की तिला तिकीट लागत नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेऊन कृष्णाकाठी येतात. कराड-सांगली परिसरातील कारखान्यांच्या आसपास त्यांच्या खोपी उभ्या राहतात. पहाटेच्या थंडीत नवरा-बायकोचा कोयता चालतो, मूल पाचटावर झोपलेले असते, थोरल्या मुलीची शाळा सुटलेली असते. पाच-सहा महिन्यांचा हा मुक्काम उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो आणि पुढच्या हंगामात पुन्हा सुरू होतो. गरीब माणूसच लांबचा प्रवास करून आपल्या दाराशी येतो आणि आठवडाभर नव्हे, अर्धे वर्ष राहतो.

त्या खोप्यांत दर रविवारी मिस्सेनंतर दोन तास कोणी जाते का? मुलांचा अभ्यास घेणे, गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात नेणे, उचलीचा हिशेब वाचून दाखविणे, एवढेच काम आहे. त्याची छायाचित्रे फारशी चांगली येत नाहीत. येत्या हंगामापासून एका धर्मग्रामाने एक टोळी आपली मानावी, तिच्यातील माणसांची नावे पाठ करावीत आणि ती माणसे पुढच्या दिवाळीला परततील तेव्हा त्यांना नावाने हाक मारावी. एवढे साधले, तर कंबोडियाला जाणाऱ्या आपल्या तरुणांनाही कसे जावे हे वेगळे शिकवावे लागणार नाही.