गाडी रुळावर आणताना...

या वीकएण्डला काय प्लॅन? मॉल, मूव्ही की नुसतीच झोप? मी चौथा ऑप्शन देते. घरच्या माळ्यावर चढा!

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट सुरू होतंय, त्यामुळे माळा रिकामा करणं चाललंय. काकांनी 80च्या दशकात दुबईहून आणलेला स्लॉट कारचा सेट बाबांनी थेट भंगाराच्या ढिगात टाकला होता. मी तो उचलून माझ्या पवईच्या भाड्याच्या फ्लॅटवर आणला. बाबांची अट एकच : शिफ्टिंगच्या आधी गाडी धावली तर सेट राहील. नाहीतर भंगारवाला आहेच!

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्लॅस्टिकच्या ट्रॅकमध्ये एक खाच, तिच्या दोन्ही बाजूंना धातूच्या दोन पट्ट्या. गाडीच्या पोटाशी तांब्याच्या तारांच्या दोन छोट्या वेण्या असतात, त्या पट्ट्यांवरून करंट उचलतात. हातातला ट्रिगर जितका दाबाल तितकी गाडी सुसाट. फ्रेड फ्रान्सिस या ब्रिटिश गृहस्थानं 1957 मध्ये 'स्केलेक्स्ट्रिक' बाजारात आणलं आणि हे वेड जगभर पसरलं.

आपली पहिली इलेक्ट्रिक लोकल 1925 मध्ये व्हीटी ते कुर्ला धावली ती 1500 व्होल्टवर. इथे मामला साधारण 12 व्होल्टचा! त्यामुळे पट्टीवर गंजाचा किंवा काळपटपणाचा पातळसा थर आला, तरी गाडी अडखळते, ठिणग्या टाकते, नाहीतर ढिम्म हलत नाही. म्हणजे मोटर गेली असं समजू नका. बऱ्याचदा दोषी ही पट्टीच असते.

आता सफाई. आईचा फोनवरून सल्ला आला, "अगं, चिंच-मीठ लाव की!" तांब्या-पितळेच्या भांड्यांना ते झकास. पण पट्टीला लोहचुंबक चिकटला, तर ती पोलादाची. खाचेत उरलेलं आंबट-खारट पाणी तिला आणखी गंजवणार. सँडपेपरही नको. पट्टीवर मुलामा असेल तर तो खरवडून निघतो. एकदा गेला की परत येत नाही, आणि ओरखड्यांत मळ पुन्हा बसतो. तारेच्या घासणीचे कण तर मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात.

मग करायचं काय? आधी प्लग काढा. कोरड्या फडक्यानं धूळ पुसा. मग साधं पेन्सिलीचं खोडरबर पट्टीच्या लांबीनं फिरवा. नंतर मऊ फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. हट्टी डागावरच तेवढा जुना हिरवा स्क्रबर, तोही हलक्या हातानं. तुकड्यांचे जोड विसरू नका. सगळ्यात जास्त करंट तिथेच अडतो. टोकं पुसा, सैल जोड पक्कडीनं अलगद आवळा. गाडीखालच्या वेण्याही साफ करून मोकळ्या करा.

मला दोन संध्याकाळी लागल्या. पट्ट्या काही आरशासारख्या चमकल्या नाहीत, डाग अजून दिसतातच. पण गाडी न अडखळता अख्खी फेरी मारते! रविवारी बाबा मुलुंडहून आले, "बघू तरी" म्हणत कंट्रोलर घेतला, तो जेवणाची पानं वाढेपर्यंत सोडला नाही.

जुन्या वस्तूला नवी करण्याच्या नादात आपण तिलाच घासून संपवतो. इथे चमक नकोच आहे, करंट हवाय. मळ निघाला की हात थांबवायचा.

आणि हो, पवईसारख्या तलावाकाठी राहत असाल, तर पावसाळ्याआधी सगळे तुकडे हवाबंद डब्यात भरा. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या सोबत टाका. त्या फेकायच्या नसतात, कळलं ना?